डिस्नेचा मुहूर्त
२०२० च्या उन्हाळ्यात फ्लोरिडातल्या डिस्ने वर्ल्डची सहल आखणाऱ्यांना कॅलेंडरपेक्षा बातम्याच जास्त पाहाव्या लागत होत्या. कोरोनामुळे मार्चच्या मध्यात बंद झालेली ही नगरी ११ जुलैला उघडू लागली. पण नुसतं तिकीट पुरेना, कोणत्या दिवशी कोणत्या पार्कात जायचं याचंही आरक्षण आधी करावं लागे. मास्क सक्तीचा, आतषबाजी बंद. मिकीला मिठी नाही, लांबूनच हात हलवायचा (हे तीन वर्षांच्या पोराला समजावणार कोण?). कॅलिफोर्नियातल्या डिस्नेलँडने तर १७ जुलै हा स्वतःच्या पासष्टाव्या वाढदिवसाचा मुहूर्त जाहीर करून मोडला. दारं उघडली ती ३० एप्रिल २०२१ ला, तीही सुरुवातीला फक्त त्या राज्यातल्या रहिवाशांसाठी. शहाण्यांनी मग तिकिटाआधी ते रद्द करण्याच्या अटी वाचल्या आणि १ ऑक्टोबर २०२१ कडे, डिस्ने वर्ल्डच्या पन्नाशीकडे, डोळे लावले.