गोळी सुटली, सुई आली

"सुई लागली म्हणजे आता शेवटच." आमच्या नांदगाव पेठेत कुणाला इन्सुलिन सुरू झाले की पहिले वाक्य हेच कानी येते. आम्हीही ते ऐकले. अकरा वर्षे गोळ्या घेऊन झाल्यावर या हिवाळ्यात एचबीएवनसी 10.4 आली. डॉक्टरांनी गोळ्या थांबवून सकाळ-संध्याकाळ इन्सुलिन लिहून दिले. तीन महिन्यांत जे शिकलो, ते वाचक भगिनी-बंधूंपुढे ठेवतो.

आधी हे समजून घेऊ की गोळी का पुरत नाही. आपल्याकडे जास्त चालणाऱ्या गोळ्या शरीरात तयार होणाऱ्या इन्सुलिनच्याच भरवशावर काम करतात. स्वादुपिंडच थकले तर गोळी कुणाला कामाला लावणार? ब्रिटनमध्ये 1977 साली सुरू झालेल्या आणि 1998 मध्ये निकाल आलेल्या, पाच हजारांवर रुग्णांच्या अभ्यासात दिसले की आहार सांभाळा किंवा गोळ्या घ्या, ही ताकद वर्षागणिक घटतच जाते. म्हणजे सुई ही बदपरहेजीची शिक्षा नव्हे. उलट ती टाळण्याची किंमत मोठी असते. आमच्या ओळखीतल्या एका चाचांनी लोकांच्या बोलण्याला भिऊन दोन वर्षे सुई टाळली. पायाची जखम चिघळली आणि अंगठा काढावा लागला.

दुसरी शंका घराघरांत दबक्या आवाजात विचारली जाते, "हे डुकराचे तर नसते ना?" 1922 पासून पुढे अनेक वर्षे इन्सुलिन गाय-बैल व डुकराच्या स्वादुपिंडातून काढत, हे खरे. 1982 पासून मात्र जिवाणू किंवा यीस्टकडून तयार करून घेतलेले मानवी इन्सुलिन बाजारात आले. खोक्यावर 'ह्युमन इन्सुलिन' आणि 'आर-डीएनए' असे छापलेले असते. ते वाचा आणि मन निश्चिंत करा.

आता सगळ्यात महत्त्वाचे. बाटली दोन ताकदींची मिळते, एका मिलिलिटरमध्ये 40 युनिट किंवा 100 युनिट. 40 साठी लाल टोपणाची सिरिंज, 100 साठी नारिंगी. 100 च्या बाटलीतून लाल टोपणाच्या सिरिंजने 10 च्या रेघेपर्यंत औषध भरले, तर अंगात 25 युनिट जातात. साखर एकदम घसरून जीव धोक्यात येऊ शकतो. म्हणून दुकानातच बाटली आणि सिरिंज शेजारी ठेवून आकडा जुळवा. दुधी रंगाचे इन्सुलिन हलवून फेसाळू नका, तळहातांत हळू घोळवा. पोटावर आणि मांडीवर जागा रोज बदला, नाहीतर तिथे गाठी होतात आणि औषध नीट लागू होत नाही.

आपल्या वऱ्हाडात मे महिन्यात पारा 45 च्या आसपास जातो. न उघडलेली बाटली फ्रिजमध्ये 2 ते 8 अंशांत ठेवा, बर्फाच्या कप्प्यात कधीच नको. फ्रिज नसेल किंवा वीज जात असेल तर दोन मडकी एकात एक ठेवून मधे ओली वाळू भरा आणि आतल्या मडक्यात बाटली घट्ट डबीत ठेवा. उघडलेली बाटली साधारण चार आठवड्यांत संपवा. उघडल्याची तारीख तिच्यावरच लिहा.

घाम, थरथर, अचानक भूक, बोलण्यात गोंधळ ही साखर कमी झाल्याची लक्षणे. लगेच तीन चमचे साखर पाण्यात घालून प्या आणि पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासा. माणूस बेशुद्ध असेल तर तोंडात काही घालू नका, थेट दवाखाना गाठा. आमच्या शाळेतल्या सहकाऱ्यांना आम्ही हे आधीच सांगून ठेवले आहे. घरातल्या मुलांनाही शिकवा.

रमजानचे काय? त्वचेतून घेतलेल्या, पोषण न देणाऱ्या इंजेक्शनने रोजा तुटत नाही, असा निर्णय जेद्दाहच्या आंतरराष्ट्रीय फिकह अकादमीने 1997 साली दिला आहे. तरी रोजा ठेवावा की नाही, हा प्रश्न दीड-दोन महिने आधी डॉक्टरांना विचारा, कारण सहरी-इफ्तारीचा डोस वेगळा असतो. रोज्यात बोट टोचून साखर तपासत राहा. ती 70 च्या खाली किंवा 300 च्या वर गेली तर रोजा सोडा. आजाऱ्याला कुरआनने सवलत दिली आहे. ती नाकारण्यात तकवा नाही.

आणि एक विनंती. शेजारी कुणाला इन्सुलिन लागले तर "आता शेवट" म्हणू नका. "सिरिंज कोणत्या टोपणाची आणली?" एवढे विचारा.