छंद : स्वतः निवडलेले बंधन



‘छंद’ हा शब्द मराठीत दोन अर्थांनी वावरतो. काव्यशास्त्रात छंद म्हणजे अक्षरांच्या नियमित योजनेतून साधलेली लय. व्यवहारात छंद म्हणजे मनाला लागलेली ओढ. पहिल्या अर्थाचा आपण परीक्षेसाठी अभ्यास करतो. दुसऱ्या अर्थाकडे मात्र गांभीर्याने पाहण्याची आपली रीत नाही. माझ्या मते हे दोन अर्थ वाटतात तितके परस्परांपासून दूर नाहीत. मोठ्या अभंगाच्या पहिल्या तीन चरणांत प्रत्येकी सहा आणि चौथ्यात चार अक्षरे असतात. हे बंधन कवीवर कोणी लादलेले नसते. तो ते आपण होऊन स्वीकारतो आणि त्या चौकटीत त्याच्या भावनेला आकार येतो. आयुष्यातील छंदाचेही तसेच आहे. छंद म्हणजे मनाला येईल तसे वागण्याची मुभा नव्हे. ती स्वतः निवडलेली शिस्त आहे. माणसाला सावरण्याचे आणि वाढवण्याचे छंदाचे सामर्थ्य या शिस्तीतून येते.

आपल्या समाजाने छंदाला फारशी प्रतिष्ठा दिलेली नाही. ‘छंदीफंदी’ हा शब्दच पाहा. छंद असणारा माणूस म्हणजे घरदार विसरलेला, कामाला निरुपयोगी, अशी त्यातील ध्वनी आहे. अलीकडे याच्या उलट टोकाची एक वृत्ती दिसू लागली आहे. रांगोळी छान काढता, मग वर्ग का घेत नाही? लोणची उत्तम घालता, मग विकत का नाही? गाता येते, मग ते चारचौघांना दाखवत का नाही? गरजेपोटी कोणी छंदाचा व्यवसाय केला तर त्यात काहीच गैर नाही. परंतु ‘पैसा नाही, प्रसिद्धी नाही, तर उपयोग काय?’ हा प्रश्न आणि ‘छंदीफंदी’ ही हेटाळणी एकाच समजुतीतून येतात. छंदाला स्वतःचे असे मूल्य नाही, ही ती समजूत होय.

या समजुतीला उत्तर म्हणून पुण्यातील एका संग्रहालयाकडे पाहता येईल. दिनकर केळकर (1896–1990) हे ‘अज्ञातवासी’ या नावाने कविता लिहीत. 1920च्या सुमारास त्यांना जुन्या वस्तू जमवण्याचा छंद लागला. राजेरजवाड्यांच्या मौल्यवान चिजांपेक्षा घरोघरीच्या वापरातील दिवे, अडकित्ते, दौती, फण्या, पाय घासण्याच्या वज्री, भांडी, वाद्ये अशा वस्तूंनी त्यांचे लक्ष वेधले. त्यांचा मुलगा राजा वयाच्या अवघ्या सातव्या वर्षी गेला. केळकरांनी आपला संग्रह त्याच्या नावे उभा केला. पुढे त्यात सुमारे वीस हजार वस्तू जमल्या आणि 1975 साली त्यांनी तो महाराष्ट्र शासनाच्या स्वाधीन केला. आज तो ‘राजा दिनकर केळकर संग्रहालय’ या नावाने ओळखला जातो. या नावात मुलगा पुढे आणि वडील मागे आहेत.

छंदाने केळकरांचे दुःख नाहीसे केले, असे मी म्हणणार नाही. पुत्रशोक अशा रीतीने नाहीसा होत नाही. पण त्या दुःखाला राहण्यासाठी एक जागा मिळाली, एवढे म्हणता येते. छंद मनाला आधार देतो तो असा. तो वेदना पुसत नाही. तिच्या शेजारी हातांना काम आणि उद्याला एक निमित्त देतो. त्याच वेळी हेही लक्षात ठेवावे, की छंद हे औषध नव्हे. दीर्घकाळ झोप उडाली असेल, जगणेच नकोसे वाटत असेल, तर ‘मन रमव’ हा सल्ला अपुरा ठरतो. तेथे डॉक्टरांचीच मदत घ्यावी.

केळकरांच्या उदाहरणात आणखी एक गोष्ट आहे. अडकित्ता केवळ जमवला तर ती हौस ठरते. तो कोणी घडवला, कोणाच्या हातात वावरला, त्यावरची नक्षी काय सांगते, असे प्रश्न पडू लागले की हौसेचे रूपांतर अभ्यासात होते. विरंगुळा आणि छंद यांतील फरक येथेच आहे. मोबाइलच्या पडद्यावर बोट सरकवण्यात तास जातो आणि मागे काही उरत नाही. छंदात गेलेला तास हाताला थोडे कौशल्य किंवा नजरेला थोडी समज देऊन जातो. आत्मविकास या भारदस्त शब्दाचा व्यवहारातला अर्थ बहुधा एवढाच असावा.

‘पण वेळ कोठे आहे?’ हा आपला प्रश्न रास्त आहे. नोकरी, शेती, घर, मुले, वृद्ध आईवडील यांतून वेळ काढून आपण ही पुस्तिका वाचत आहात. अशा वेळी बहिणाबाई चौधरी (1880–1951) यांचे उदाहरण हमखास दिले जाते. अक्षरओळख नसलेल्या, अकाली वैधव्य आलेल्या या खानदेशी शेतकरी स्त्रीने जात्यावर दळताना, शेतात राबताना ओव्या रचल्या. तिला जमले, मग तुम्हाला का जमू नये, असा निष्कर्ष मात्र यातून काढू नये. तो कष्टणाऱ्या बाईवर आणखी एक ओझे टाकणारा आहे. या कथेचा दुसरा भाग मला अधिक महत्त्वाचा वाटतो. ओव्या ऐकणारे आणि टिपून ठेवणारे कोणीतरी घरात होते, म्हणून त्या उरल्या. मुलगा सोपानदेव यांच्यामुळे ते हस्तलिखित आचार्य अत्रे यांच्यापर्यंत पोहोचले आणि 1952 साली, बहिणाबाईंच्या निधनानंतर, पुस्तकरूपाने प्रसिद्ध झाले.

छंद एकट्याचा असला तरी त्याला सवड घराने द्यावी लागते. आपल्या बहुतेक घरांत पुरुषाचा छंद ‘आवड’ म्हणून कौतुकाचा होतो, तर स्त्रीचा छंद ‘सगळे आवरून झाल्यावर’ या अटीवर चालतो, आणि सगळे कधीच आवरून होत नाही. म्हणून स्वतःचा छंद जोपासणाऱ्याने आपल्या त्या तासाचा भार घरात कोण उचलते, हेही विचारले पाहिजे. दुसऱ्याच्या विश्रांतीवर पोसलेल्या छंदाला समृद्ध जीवनाचे लक्षण कसे म्हणावे?

मित्रहो, आपल्यापैकी काहींना पदवीमुळे बढती मिळेल, काहींना मिळणार नाही. ‘या वयात शिकून काय करणार?’ असे आपल्याला कोणीतरी विचारलेही असेल. शिकणे हाच आपला छंद असू शकतो, हे त्याचे पुरेसे उत्तर आहे. रात्री घर निजल्यावर उघडलेले पुस्तक आणि ठरलेल्या दिवशी पूर्ण केलेला स्वाध्याय हेही आपण स्वतः निवडलेले बंधन आहे. आठवड्यातला एक तास त्यासाठी किंवा आपल्या आवडीच्या दुसऱ्या कोणत्याही कामासाठी राखून ठेवा. तसाच एक तास घरातील दुसऱ्या कोणाला तरी मिळवून द्या. त्यांपैकी दुसरे काम अधिक कठीण आहे. म्हणून त्याचा आरंभ आधी करावा.