थर्मामीटर कुठे होता?

उंदराच्या गुदद्वारात थर्मामीटर. तापमान 37 अंश. वहीत नोंद: ‘तापमान नियंत्रित’. रक्तपुरवठा तुटल्यावर मेंदूच्या किती पेशी मरतात, हे मोजणारे कितीतरी प्रयोग एवढ्या नोंदीवर विसंबून राहिले.

1987 मध्ये मायामीत बुस्टो, गिन्सबर्ग आणि सहकाऱ्यांनी तापमान थेट उंदरांच्या मेंदूत मोजले. रक्तपुरवठा वीस मिनिटे थांबवला होता. अंग 36-37 अंशांवर होते. मेंदू 30-31 पर्यंत उतरला होता. कारण साधे आहे. रक्त थांबले की त्याबरोबर मेंदूकडे जाणारी ऊबही थांबते.

मग त्यांनी मेंदूचे तापमान ठरावीक अंशावर धरून पाहिले. 36 वर नासधूस. दोन-तीन अंश खाली आणताच बहुतेक पेशी शाबूत. यात चकित करणारी बाब वेगळीच होती. पेशींचे इंधन असलेले एटीपी दोन्हीकडे सारखेच संपले होते. थंडीने इंधन वाचते आणि म्हणून मेंदू वाचतो, हे सर्वांच्या तोंडी असलेले उत्तर इथे लागू पडत नव्हते. दोन वर्षांनी त्याच गटाने पेशींबाहेरचे ग्लुटामेट मोजले. एरवी संदेश पोहोचवणारे हे रसायन अति झाले की चेतापेशींत कॅल्शियम घुसते आणि त्या मरतात. 36 अंशांवर ते सुमारे सात पट वाढले. 33 वर ती वाढ झालीच नाही. रक्त तितकेच तुटलेले, इंधन तितकेच संपलेले, आणि विष मात्र सुटलेच नाही.

इतका मोठा परिणाम करणारी गोष्ट मोजायची राहून गेली, तर तिचे श्रेय दुसऱ्याच कुणाला तरी जाते. तसेच झाले. ग्लुटामेटचा एक ग्राही (रिसेप्टर) अडवणारे एमके-801 हे औषध तेव्हा मोठ्या आशेचे होते. 1990 मध्ये बुकन आणि पुल्सिनेली यांनी जर्बिल या उंदरासारख्या प्राण्यांवर ते तपासले. औषधाने मेंदू वाचत होता, पण औषध दिलेले प्राणी बराच काळ थंडही पडत होते. त्यांना उबदार ठेवले, तेव्हा संरक्षण नाहीसे झाले. औषध न देता नुसते थंड केले, तर पेशी वाचल्या. निदान संपूर्ण मेंदूचे रक्त काही मिनिटे तुटण्याच्या या प्रकारात तरी काम थंडीचे होते आणि नाव औषधाचे झाले होते.

1990च्या दशकात ग्लुटामेट रोखणारी औषधे पक्षाघाताच्या रुग्णांवर एकामागून एक अपयशी ठरली. सगळा दोष थर्मामीटरचा नाही. डोस, दुष्परिणाम, उपचाराला झालेला उशीर अशी इतरही कारणे आहेत. पण रुग्णांनी चाचणीसाठी आपले शरीर दिले ते प्राण्यांवरच्या आकड्यांच्या भरवशावर, आणि त्यांतले काही आकडे मेंदूच्या तापमानाशिवायच छापले गेले होते. म्हणून ‘मेंदू वाचवणारे’ नवे औषध पुढे आले की पहिला प्रश्न हाच हवा: ते दिल्यावर मेंदूचे तापमान किती होते, आणि किती तास मोजले? उत्तरात गुदद्वाराचा आकडा आला, तर तो शोधनिबंध परत पाठवावा.