पाण्याखालची थंडी

बेळ्ळंदूरच्या तलावात आज बुडी मारण्याचे कोणी मनात आणणार नाही. २०१७ साली त्या पाण्यावर तरंगणाऱ्या घाणीने पेट घेतल्याचे आपण वाचलेच असेल. पण त्या परिसरात आता नाना प्रांतांतील कुटुंबे राहतात आणि तेथील हौशी तरुण सुटीत मुरुडेश्वरजवळील नेत्राणी बेटापाशी किंवा मालवणनजीक तारकर्लीला स्कूबाचे पहिले धडे गिरवतात. पुढे त्यांपैकी एखाद्याला आइसलंडमधील सिल्फ्रा खुणावू लागते. तेथील पाणी बारमाही २ ते ४ अंश सेल्सिअस असते. धडा उबदार पाण्यात आणि परीक्षा थंड पाण्यात, असा हा प्रकार होय. म्हणून त्याच्या घरच्यांनीही काही गोष्टी जाणून घ्याव्यात.

पाण्याची उष्णतावाहकता हवेच्या सुमारे २५ पट आहे. आपले शरीर ३७ अंशांचे. त्यामुळे कोकणच्या कोमट समुद्रातही तासाभराने हुडहुडी भरू शकते. पाणी १५ अंशांहून थंड असेल, तर अंगाला त्याचा स्पर्श होताच धाप लागते, श्वास आवरत नाही आणि हृदयावर ताण पडतो. हा धक्का पहिल्या एक-दोन मिनिटांत ओसरू लागतो. तेवढा वेळ धीर धरून श्वास ताब्यात आणावा आणि मगच खाली जावे. पुढे बोटे बधिर होतात, बकल उघडत नाही आणि विचारही मंदावतो.

१९५२ च्या सुमारास ह्यू ब्रॅडनर या अमेरिकन भौतिकशास्त्रज्ञाने निओप्रीनच्या वेटसूटची कल्पना मांडली. त्या रबरातील वायूचे सूक्ष्म बुडबुडे ऊब राखतात. परंतु १० मीटर खोलीवर दाब दुप्पट होतो, बुडबुडे आक्रसतात आणि नेमकी गरज असते तेथे ऊब घटते. म्हणूनच अतिथंड पाण्यात अंग कोरडे ठेवणारा ड्रायसूट वापरतात. तो हाताळण्याचे शिक्षण मात्र वेगळे घ्यावे लागते.

दुसरा धोका उपकरणाचा. सिलिंडरमधील सुमारे २०० पट दाबाची हवा रेग्युलेटरमधून सुटताना प्रसरण पावते व अतिशय थंड होते. मग झडपेवर बर्फ साचून ती उघडीच राहू शकते, आणि काही मिनिटांत सिलिंडर रिकामा होतो. यासाठी १० अंशांखालील पाण्यात थंडीसाठी प्रमाणित केलेलाच रेग्युलेटर वापरावा.

थंडीने रक्तप्रवाह मंदावला की शरीरात विरघळलेला नायट्रोजन बाहेर पडण्यासही विलंब लागतो. म्हणून वर येण्याची घाई करू नये, आणि वर आल्यावर लगेच कढत पाण्याने स्नानही करू नये. कोरडे कपडे आणि गरम पेय पुरेसे आहे. मद्य वर्ज्य समजावे. किनाऱ्यावरून बंगळूरला परतणाऱ्यांनी आणखी एक ध्यानात ठेवावे : ते शहर समुद्रसपाटीपासून ९०० मीटरांहून उंच आहे. विमानाप्रमाणेच घाट चढण्यापूर्वीही पुरेशी विश्रांती हवी. ती किती, हे प्रशिक्षकास विचारावे.

पाणबुड्यांच्या खुणांमध्ये वर केलेल्या अंगठ्याचा अर्थ ‘छान’ असा नसून ‘वर चला’ असा आहे. ही खूण कोणीही, केव्हाही, कारण न सांगता करावी आणि सोबत्याने ती मुकाट्याने मानावी, असा त्यांचा दंडक आहे. आपल्या मुलाला निरोप देताना एवढेच सांगा : थंडी वाजली की अंगठा वर कर, अर्ध्यावरून परत आलास, तर घरात कोणी हसणार नाही.