पहिला रेंडर एमपी४ मध्ये नको

अ‍ॅनिमेशनचा रेंडर लावण्याआधी सॉफ्टवेअर विचारतं, फाइल कुठल्या प्रकारात हवी. बहुतेक जण तिथे एमपी४ निवडतात, बटण दाबतात आणि झोपायला जातात. माझी कळकळीची विनंती आहे की तिथे थांबा. पहिला रेंडर व्हिडिओत करू नका, सुट्या चित्रांत करा, म्हणजे एका फ्रेमची एक फाइल. त्या चित्रांपासून व्हिडिओ मागाहून हवा तितक्या वेळा बनवता येतो. व्हिडिओपासून ती चित्रं जशीच्या तशी परत मिळत नाहीत.

मी जर्मनीत श्टुटगार्टजवळ राहते. इथला अ‍ॅनिमेशन महोत्सव १९८२ पासून चालू आहे आणि त्या दिवसांत श्लॉसप्लाट्झच्या चौकात उघड्यावर मोठा पडदा लागतो. लुडविग्सबुर्गची फिल्म अकादमी आणि तिचं अ‍ॅनिमेशन इन्स्टिट्यूटही जवळच आहे. शिकायला येणारी आपली मुलंमुली भेटतात, तशीच आठवडाभर नोकरी करून शनिवार-रविवारी ब्लेंडर हे अ‍ॅनिमेशनचं सॉफ्टवेअर घेऊन बसणारी मंडळीही भेटतात. कुणाला महोत्सवाला फिल्म पाठवायची असते, कुणाला महाराष्ट्र मंडळाच्या गणेशोत्सवात दोन मिनिटांची चित्रफीत दाखवायची असते. मेहनत सगळ्यांची सारखीच असते, आणि ती वाया जाते तीही बहुतेकदा फाइलचा प्रकार निवडण्याच्या या एकाच ठिकाणी.

हिशेब करून बघा. दोन मिनिटांची फिल्म, सेकंदाला २५ फ्रेम, म्हणजे ३,००० फ्रेम. थ्रीडीचं काम असेल आणि एका फ्रेमला तीन मिनिटं लागत असतील तर १५० तास, सहा दिवसांहून जास्त. संगणक ४०० वॅट खात असेल तर ६० युनिट वीज. जर्मनीत घरगुती युनिटला साधारण ३५ ते ४० सेंट पडतात, म्हणजे एका रेंडरला वीसेक युरो तर गेलेच. आता पाचव्या दिवशी संगणक स्वतःहून अपडेट होऊन बंद-चालू झाला, किंवा मेमरी संपून सॉफ्टवेअर बसलं, तर? कुठली फ्रेम कुठे आहे याची अनुक्रमणिका एमपी४ फाइलमध्ये असते आणि ती सहसा सगळ्यात शेवटी लिहिली जाते. काम अर्धवट राहिलं की अनुक्रमणिकाच नाही. फाइल डिस्कवर दिसते, जागाही अडवते, पण उघडत नाही. तेच काम सुट्या चित्रांत चाललं असतं तर २,२११ फ्रेम हातात असत्या आणि तुम्ही २,२१२ पासून पुढे निघाला असता. ब्लेंडरमध्ये ‘ओव्हरराइट’ची खूण काढून ठेवा, म्हणजे झालेल्या फ्रेम तो वगळतो. दोन संगणकांवर एकच काम वाटायचं असेल तर दोघांना एकच फोल्डर द्या आणि ‘प्लेसहोल्डर्स’ची खूण करा.

याहून मोठा फायदा दुरुस्तीचा. फिल्म पूर्ण झाल्यावर लक्षात येतं की एका शॉटमध्ये पात्राचा हात टेबलातून आरपार जातो. फ्रेम सुट्या असतील तर तेवढ्या चाळीस पुन्हा रेंडर करायच्या, दोन तासांचं काम.

चित्रं कुठल्या प्रकारात ठेवायची यात फार गोंधळून जायचं कारण नाही. टूडी काम, सपाट रंग, पुढे फारसे बदल करायचे नाहीत, तर पीएनजी. पीएनजी चित्र दाबून लहान करतो, पण एकही बिंदू बदलत नाही. थ्रीडी असेल, नंतर उजेड कमीजास्त करायचा असेल, थर एकमेकांवर बसवायचे असतील, तर ओपनईएक्सआर. इंडस्ट्रियल लाइट अँड मॅजिक या अमेरिकी कंपनीने तो स्वतःच्या कामासाठी बनवला आणि २००३ मध्ये सगळ्यांना खुला केला. पांढऱ्याच्याही पलीकडचा उजेड त्यात जपला जातो, त्यामुळे दिव्याची ज्योत पांढरीफटक झाली असेल तर तिचा रंग मागाहून खाली उतरवता येतो. त्यात ‘हाफ’ म्हणजे १६ बिटचा पर्याय घ्या आणि कॉम्प्रेशन ‘झिप’ ठेवा. झिपने काही हरवत नाही. डीडब्ल्यूएए नावाच्या पर्यायाने फाइल खूपच लहान होते, पण थोडं फेकून देऊन. जेपीईजीमध्ये मात्र फ्रेम साठवू नका.

जागा फार लागते ही तक्रार खरी आहे. फुल एचडी चित्रात २० लाख ७३ हजार ६०० बिंदू. प्रत्येकाला तीन बाइट धरले तर एक फ्रेम ६.२ मेगाबाइटची, एक सेकंद १५५ मेगाबाइटचा, एक मिनिट ९.३ गिगाबाइटचं. पीएनजी त्याहून कमी जागा घेईल, सपाट रंगांच्या कार्टूनमध्ये तर बरीच कमी. तेच एक मिनिट सेकंदाला ८ मेगाबिटच्या एमपी४ मध्ये ६० मेगाबाइटमध्ये बसतं, म्हणजे दीडशेपटीहून लहान. यातली काही बचत प्रामाणिक असते, कारण मागची भिंत दोन सेकंद हललीच नाही तर ती पन्नास वेळा कशाला लिहायची? पण बाकीचं खरोखर टाकून दिलेलं असतं.

काय टाकलं जातं ते एका गणेशोत्सवात अगदी जवळून पाहिलं. काही हौशी मंडळींनी आरतीआधी दाखवायला छोटी फीत केली होती. मूर्तीमागे तेजोवलय, शेंदरी रंगातून हळूहळू काळ्यात विरत जाणारं. लॅपटॉपवर ते सुरेख दिसत होतं. सभागृहाच्या पडद्यावर मात्र वलय मोडून पट्टे झाले होते. एकात एक वर्तुळं, प्रत्येकाची कड वेगळी दिसत होती आणि चित्र हललं की त्या कडा थरथरत होत्या. आठ बिटमध्ये प्रत्येक रंगाला २५६ पायऱ्या मिळतात. गडद शेंदरीपासून काळ्यापर्यंत जाताना त्यातल्या थोड्याच वापरात येतात. त्यात अंधाऱ्या भागात डोळ्याला कमी कळतं असं धरून कॉम्प्रेशन तिथलेच बारकावे आधी उडवतं. आणि ती फाइल व्हॉट्सअ‍ॅपवरून आली होती, म्हणजे दुसऱ्यांदा दाबली गेली होती. कॅमेऱ्याने टिपलेल्या चित्रात बारीक रवा, म्हणजे ग्रेन, असतो, त्यात असे पट्टे लपतात. अ‍ॅनिमेशन स्वच्छ असतं, म्हणून तेच उघडं पडतं. उपाय सोपा होता. शेवटच्या टप्प्यात अगदी हलका रवा घालायचा; ब्लेंडरमध्ये ‘डिदर’ म्हणून आकडा असतो, तो वाढवला तरी पुष्कळ फरक पडतो. पण त्यांच्याकडे फ्रेम नव्हत्याच. सगळा रेंडर पुन्हा लावायला वेळ नव्हता, आणि लोकांनी पट्टेच पाहिले.

रंगांचंही असंच होतं. नेहमीच्या एमपी४ मध्ये उजेड प्रत्येक बिंदूचा वेगळा ठेवतात, रंग मात्र चार बिंदूंत मिळून एकच. माणसाच्या चेहऱ्यावर ते कळत नाही. निळ्या पार्श्वभूमीवर बारीक लाल अक्षरं घातलीत तर कडा चिखलासारख्या होतात. श्रेयनामावली पांढरी किंवा फिकट पिवळी ठेवा, लाल हवीच असेल तर जाड अक्षर घ्या.

आता पाठवायच्या प्रतीबद्दल. एमपी४, एमओव्ही, एमकेव्ही हे नुसते डबे आहेत. आत काय भरलंय ते कोडेक ठरवतो. म्हणून ‘एमपी४ पाठवा’ असं कुणी म्हणालं तर आत कुठला कोडेक हवा तेही विचारा. माझा सल्ला आजही एच.२६४. हे मानक २००३ चं आहे आणि त्यात बर्लिनच्या फ्राउनहोफर हाइनरिश हर्ट्झ संस्थेचा मोठा वाटा आहे. तिथल्याच मंडळींचा पुढे २०१३ च्या एच.२६५ मध्ये आणि २०२० च्या व्हीव्हीसीमध्येही हात होता. प्रत्येक पिढीत त्याच दर्जासाठी साधारण निम्मा डेटा पुरावा असं उद्दिष्ट होतं आणि ते बऱ्याच अंशी साधलं आहे. तरी तुमची फीत कोल्हापुरातल्या मावशीच्या जुन्या टीव्हीवर, मंडळाच्या भाड्याच्या प्रोजेक्टरवर आणि कॉलेजच्या लॅपटॉपवर चालायची असेल तर तेवीस वर्षं जुना कोडेकच घ्या. दोन-चार मेगाबाइट वाचवण्यापायी ऐन वेळी पडदा काळा राहणं परवडत नाही.

दर्जा ठरवताना बिटरेटचे आकडे अंदाजाने ठोकू नका. एफएफएमपेग किंवा हँडब्रेक या फुकट साधनांत सीआरएफ नावाचा आकडा असतो. तो जितका लहान तितका दर्जा चांगला. एफएफएमपेगमध्ये तो मुळात २३ असतो, तुम्ही १८ करा. कार्टूनसारखं सपाट काम असेल तर ‘ट्यून’मध्ये ‘अ‍ॅनिमेशन’ निवडा. पीएनजीवरून एफएफएमपेगने व्हिडिओ करताना पिक्सेल फॉरमॅट स्वतः सांगून ४:२:०, म्हणजे वर सांगितलेला चार बिंदूंत एक रंग, ठेवा, नाहीतर तो आपोआप ४:४:४ घेतो आणि अनेक टीव्ही ती फाइल उघडतच नाहीत. व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवायचं असेल तर ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवा. यूट्यूब तुमची फाइल पुन्हा दाबणारच आहे, तेव्हा तिथे चढवायची प्रत जितकी मोठी जमेल तितकी मोठी द्या.

फ्रेमचा वेग मात्र पहिल्या दिवशी ठरवा. जर्मन टीव्हीचा २५, सिनेमागृहाचा २४, आणि ब्लेंडर सुरू होतो तोही २४ वर. चोविसावर हाताने बेतलेली चाल शेवटी पंचविसात ओढली की पाऊल अडखळतं, आणि अ‍ॅनिमेशन करणाऱ्याला ते आयुष्यभर खुपतं.

महोत्सवात फिल्म निवडली गेली तर बहुधा डीसीपी मागतील. ही सिनेमागृहाची प्रत. तिच्यात प्रत्येक फ्रेम जेपीईजी २००० मध्ये स्वतंत्र दाबलेली असते, रंगाला १२ बिट असतात आणि नेहमीच्या प्रतीला सेकंदाला जास्तीत जास्त २५० मेगाबिट मिळतात. डीसीपी-ओ-मॅटिक या फुकट सॉफ्टवेअरने ती घरी करता येते. पण तिला खाऊ घालायला मूळ फ्रेमच हव्यात. एमपी४ वरून केलेल्या डीसीपीत ते शेंदरी पट्टे तसेच्या तसे दहा मीटर रुंद पडद्यावर जातात. आणि तयार प्रत एकदा खऱ्या सिनेमागृहात चालवून बघा. लहान गावातली अनेक छोटी थिएटरं विद्यार्थ्यांना सकाळचा अर्धा तास देतात, फक्त जाऊन विचारायला हवं.

प्रत काढताना रंग बिघडतात हे काही आजचं दुखणं नाही. १९३३ मध्ये कोल्हापूरच्या प्रभात कंपनीने ‘सैरंध्री’ रंगीत करायचं ठरवलं. व्ही. शांताराम त्यासाठी जर्मनीला आले, रंगीत प्रती इथे तयार झाल्या, पण रंग भडक उतरले आणि सगळी हौस फसली. चित्रीकरण, वेशभूषा, अभिनय यांत काही कमी नव्हतं; शेवटचा टप्पा परक्या हातात होता. आज तो टप्पा तुमच्या टेबलावर आहे. एक्सपोर्ट झालं की काळा रंग राखाडी दिसतो का ते पाहा. तसा दिसला तर उजेडाच्या ‘फुल’ आणि ‘लिमिटेड’ या दोन पातळ्यांत कुठेतरी अदलाबदल झाली आहे. मूळ फ्रेम आणि तयार व्हिडिओ शेजारी शेजारी उघडून बघायला दोन मिनिटं लागतात.

राहता राहिली जपणूक, आणि हे मला सगळ्यात जिव्हाळ्याचं वाटतं. दादासाहेब फाळक्यांनी १९१५ मध्ये काड्यापेटीतल्या काड्या एकेक फ्रेम हलवून ‘आगकाड्यांची मौज’ केली. भारतातल्या अ‍ॅनिमेशनचा हा आरंभ, आणि आज ती फिल्म आपल्याला पाहायला मिळत नाही. जर्मनीत लोटे राइनिगरने पॉट्सडॅममध्ये कागदी छायाकृती एकेक फ्रेम सरकवत तीन वर्षं खपून ‘प्रिन्स आखमेद’ पूर्ण केली, १९२६ मध्ये. मूळ जर्मन निगेटिव्ह उरली नाही. लंडनच्या ब्रिटिश फिल्म इन्स्टिट्यूटकडे एक नायट्रेट प्रत राहिली होती, तिच्यावरून १९९० च्या दशकाच्या अखेरीस फ्रँकफुर्टच्या चित्रपट संग्रहालयाने ती पुन्हा उभी केली. दुसऱ्या देशात एक प्रत होती म्हणून ती फिल्म आज आहे. श्टुटगार्टहून तासाभरावर ट्युबिंगनच्या शहर संग्रहालयात राइनिगरच्या छायाकृती मांडलेल्या आहेत, सवड काढून पाहून या.

तेव्हा फिल्म संपली की फ्रेमचं फोल्डर पुसू नका. सगळ्या फ्रेम ठेवणं अगदीच शक्य नसेल तर त्यांच्यापासून एक मास्टर बनवा. मॅकवर काम असेल तर प्रोरेस ४४४४, त्यात पारदर्शक थरही टिकतो. नाहीतर एमकेव्हीच्या डब्यात एफएफव्ही१. हा कोडेक काहीही न गमावता साधारण निम्म्या जागेत बसवतो, एखादी फ्रेम बिघडली तर ते ओळखता येतं, आणि २०२१ मध्ये त्याचं खुलं मानक प्रसिद्ध झालं, त्यामुळे तो कुठल्याही एका कंपनीच्या मर्जीवर अवलंबून नाही. व्हिएन्नाच्या ऑस्ट्रियन मीडियाटेकसारखं संग्रहालय आपला ठेवा त्यात ठेवतं.

मास्टरच्या दोन प्रती करा, वेगवेगळ्या डिस्कवर. एक इथे ठेवा, दुसरी सुट्टीत घरी जाताना पुण्याला, नाशिकला, जिथे घर असेल तिथे नेऊन कपाटात ठेवा. डिस्क एक्सफॅटमध्ये फॉरमॅट करा, म्हणजे मॅक आणि विंडोज दोन्हींवर उघडेल. सोबत एक साधी मजकुराची फाइल हवी: फिल्मचं नाव, फ्रेमचा वेग, चित्राचा आकार, रंगाचं प्रोफाइल, आवाजाची फाइल कुठली, कुठल्या सॉफ्टवेअरची कुठली आवृत्ती. वर्षातून एकदा डिस्क जोडून फाइल सुरुवातीपासून शेवटपर्यंत चालवा. आणि मंडळांच्या कार्यकारिणीला माझं सांगणं आहे की पुढच्या गणेशोत्सवासाठी कुणाकडून फीत करून घ्याल तेव्हा दाखवायच्या एमपी४ बरोबर मास्टरही मागून घ्या, आणि तो ठेवायच्या डिस्कचे पैसे मंडळाच्या खर्चात आधीच धरा.