बाळंतपण परदेशात, जोडीदार भारतात : व्हिसा कोणता घ्यायचा?

ब्रिटनने १ जानेवारी २०२४ पासून परदेशी विद्यार्थ्यांना पती, पत्नी किंवा मुलांना ‘आश्रित’ म्हणून सोबत नेण्यास मनाई केली, ही बातमी आपल्या तरुणांपर्यंत पोहोचली. तिच्यातला अपवाद मात्र फारसा पोहोचला नाही. पीएच.डी. आणि संशोधनप्रधान पदव्युत्तर अभ्यासक्रमाचे विद्यार्थी, तसेच सरकारी शिष्यवृत्तीवर येणारे विद्यार्थी यांना या बंदीतून वगळलेले आहे. परदेशी शिकायला जाणाऱ्या आपल्या मुलामुलींपैकी बरेच जण सरकारी शिष्यवृत्तीवरच जातात. तरीही घरात पाळणा हलणार असे कळले की जोडीदारासाठी सरळ व्हिजिटर व्हिसाचा अर्ज भरला जातो, कारण ‘आता दुसरा रस्ताच उरला नाही’ असे एजंटने सांगितलेले असते.

हा प्रश्न मूठभरांचा नाही. केंद्राच्या नॅशनल ओव्हरसीज शिष्यवृत्तीची वयोमर्यादा ३५ वर्षे आहे. राज्याच्या राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्तीची मर्यादा पदव्युत्तरसाठी ३५ आणि पीएच.डी.साठी ४० आहे. आपली मुले आधी नोकरी करतात, भावंडांची शिक्षणे मार्गी लावतात, मग अर्ज करतात. म्हणजे लग्नाचे, मूल होण्याचे आणि परदेशी शिक्षणाचे वय एकच. १९१३ मध्ये बाबासाहेब न्यूयॉर्कला गेले तेव्हा बडोदा संस्थानाची महिना साडेअकरा पौंडांची शिष्यवृत्ती एकट्या विद्यार्थ्यासाठी होती आणि माता रमाई मुंबईत संसार ओढत होत्या. शंभर वर्षांनंतरही आपल्या शिष्यवृत्त्यांचा हिशेब विद्यार्थ्याची फी, निर्वाह भत्ता आणि विमानभाडे एवढ्यावरच थांबतो. रमाईंच्या त्यागापुढे आम्ही नतमस्तक आहोत, पण आजच्या मुलींनी तो पुन्हा करावा अशी अपेक्षा शासनाने ठेवायचे कारण नाही.

आता मूळ मुद्दा. समजा पत्नी ब्रिटनमध्ये शिकते आहे, ती गरोदर आहे आणि पती नागपूरला किंवा औरंगाबादला नोकरी करतो. पहिला प्रश्न विचारायचा तो हा : तिला शिष्यवृत्ती कोण देते? सरकार देत असेल आणि अभ्यासक्रम सहा महिन्यांहून मोठा असेल, तर तिने विद्यापीठाच्या परदेशी विद्यार्थी कक्षाकडे लेखी विचारावे की आपली शिष्यवृत्ती या अपवादात बसते का. शिष्यवृत्तीच्या पत्रावर फी आणि निर्वाहाचा पूर्ण खर्च शासन करते असे स्पष्ट लिहिलेले असावे. मोघम पत्र असेल तर ते समाजकल्याण खात्याकडून दुरुस्त करून घ्यावे. राज्याच्या शिष्यवृत्तीबाबत तर हे लेखी उत्तर हातात आल्याशिवाय पुढचे पाऊल टाकूच नये.

आश्रित व्हिसा महाग आहे, यात वाद नाही. आरोग्य अधिभार विद्यार्थ्याच्या आश्रितासाठी वर्षाला ७७६ पौंड आहे. शिवाय लंडनमध्ये महिन्याला ८४५ पौंड आणि लंडनबाहेर ६८० पौंड, असे नऊ महिन्यांपर्यंतचे पैसे खात्यात दाखवावे लागतात. बदल्यात पतीला तिथे काम करता येते आणि पत्नीचा अभ्यासक्रम संपेपर्यंत बाळासोबत राहता येते. ज्या घरात बाळंतपणानंतर तिला पुन्हा प्रबंध लिहायला बसायचे आहे, तिथे हा खर्च चैन म्हणता येणार नाही.

अपवाद लागू नसेल, म्हणजे शैक्षणिक कर्ज काढून एक वर्षाचा पदव्युत्तर अभ्यासक्रम चालू असेल, तर व्हिजिटर व्हिसा हाच योग्य व्हिसा आहे. तो एका खेपेला सहा महिन्यांपर्यंतचा असतो, त्यावर काम करता येत नाही आणि तिथे गेल्यावर तो बदलून आश्रित होता येत नाही. प्रवासाच्या जास्तीत जास्त तीन महिने आधी अर्ज करता येतो. निर्णयाला साधारण तीन आठवडे धरावेत. प्रसूतीची तारीख कळली की उलटे मोजत यावे.

अर्जात बाळंतपणाचा उल्लेख करू नका, ‘टुरिस्ट’ एवढेच लिहा, असा सल्ला सर्रास दिला जातो. हा सल्ला घातक आहे. पत्नीच्या बाळंतपणात सोबत राहायला जाणे हे पूर्णपणे वैध कारण आहे. दवाखान्याचे पत्र, प्रसूतीची अपेक्षित तारीख, विवाह नोंदणीचा दाखला आणि किती दिवसांनी परत येणार हे लिहिलेले निवेदन जोडले की अर्ज भक्कम होतो. उलट फसवणूक केल्याचे ठरले तर दहा वर्षांपर्यंत व्हिसा नाकारला जाऊ शकतो, आणि व्हिजिटर व्हिसाच्या नकाराविरुद्ध अपिलाची सोय नाही. नव्याने अर्ज करणे एवढेच हातात राहते.

परत येण्याची खात्री द्यावी लागते, तिथे आपल्या पहिल्या पिढीच्या नोकरदारांची अडचण होते. ना सातबारा, ना वडिलोपार्जित घर. पिढ्यान्‌पिढ्या जमीन नाकारलेल्या समाजाला जमिनीचा कागद मागणे यातली विसंगती आमच्या वाचकांना समजावून सांगायची गरज नाही. पण नियमात सातबाऱ्याची सक्ती कुठेही नाही, ती एजंटांच्या यादीत असते. सहा महिन्यांचे पगारपत्रक, बँकेचे विवरण, फॉर्म १६ आणि नेमक्या तारखांचे रजा मंजुरीपत्र यांनी काम भागते. केंद्र सरकारी कर्मचाऱ्याला १५ दिवसांची पितृत्व रजा मिळते. खासगी नोकरीत तसा कायदाच नाही, म्हणून तिथे मालकाचे लेखी पत्र आणखी महत्त्वाचे. एक गोष्ट अजिबात करू नये : मेहुण्याकडून उसने घेतलेले चार लाख अर्जाच्या आठवड्यात खात्यात भरणे. अधिकारी पगाराशी न जुळणारी रक्कम पहिल्यांदा पाहतो.

परिस्थिती उलटी असेल तर आमचे मतही उलटे आहे. पती तिकडे शिकतो आणि गरोदर पत्नी इकडे आहे, तर तिने व्हिजिटर म्हणून जाऊन तिथे बाळंत होऊ नये. व्हिजिटरला तिथली सरकारी आरोग्यसेवा मोफत नाही. बाळंतपणाची सेवा नाकारत नाहीत, पण बिल ठरलेल्या दराच्या दीडपट येते, आणि ५०० पौंडांहून अधिक थकबाकी राहिली तर पुढचा व्हिसा त्यावरच नाकारला जाऊ शकतो. बरे, तिथे जन्मल्याने बाळ ब्रिटिशही होत नाही. आईवडिलांपैकी एक जण ब्रिटिश नागरिक किंवा तिथला कायम रहिवासी असल्याशिवाय जन्माने नागरिकत्व मिळणे १९८३ पासून बंद आहे. त्यापेक्षा पतीने विद्यापीठाची लेखी परवानगी घेऊन महिनाभर घरी यावे.

अमेरिकेत चूक वेगळीच होते. पती एच-१बी वर असेल तर पत्नीसाठी एच-४, आणि विद्यार्थी असेल तर एफ-२ हा व्हिसा आहे. तरी ‘काही महिन्यांचाच प्रश्न आहे’ म्हणून बी-२ चा अर्ज केला जातो. बी-२ साठी अर्जदार कायमचा राहायलाच येतो आहे असे कायदा गृहीत धरतो आणि तसे नाही हे तिने सिद्ध करायचे असते. एच-४ ला ते गृहीतक लागू नाही. त्यात जानेवारी २०२० च्या नियमानुसार बाळाला नागरिकत्व मिळवून देण्यासाठी येत असल्याचा संशय आला तर बी-२ नाकारता येतो. नवरा तिथे असलेली गरोदर बाई बी-२ मागते तेव्हा हा संशय ती आपणहून ओढवून घेते. एच-४ वर गेल्यास नोकरीच्या विम्यात तिचे नाव घालता येते. तिथल्या दवाखान्याचे बिल ज्यांनी पाहिले आहे त्यांना याची किंमत कळते.

आंबेडकर जयंतीला शिष्यवृत्ती मार्गदर्शन शिबिरे आपल्याकडे भरपूर होतात. त्यांत विद्यापीठ, निबंध, शिफारसपत्रे हे सगळे शिकवतात. विवाहित उमेदवारांसाठी एक तास राखून ठेवा, अशी आयोजक कार्यकर्त्यांना आमची सूचना आहे. आणि शिष्यवृत्तीच्या मंजुरीपत्रात आश्रितांना चालेल अशी स्पष्ट शब्दरचना हवी, ही मागणी समाजकल्याण आयुक्तांकडे लेखी गेली पाहिजे. तिला शासनाचा एक रुपयाही लागत नाही.

बाळ परदेशात झाले तर जन्मानंतर एक वर्षाच्या आत भारतीय दूतावासात नोंदणी करावी लागते, त्यावरच त्याचे भारतीय नागरिकत्व ठरते. बाळाकडे दुसऱ्या देशाचा पासपोर्ट नाही असे आईवडिलांनी लिहून द्यायचे असते. नोंदणी आणि पासपोर्टला वेळ जातो, तेव्हा पतीचे परतीचे तिकीट काढताना बाळाचे कागद आधी धरावेत.