तांब्याची कातडी, ॲल्युमिनियमचं पोट

"करंट तारेच्या वरच्या थरातनंच जातो साहेब, आत काय का असेना. स्किन इफेक्ट म्हणतात त्याला."

कर्जतला (आमचं अहिल्यानगर जिल्ह्यातलं, लोकलवालं नव्हे!) काकांबरोबर बोअरच्या मोटरीची केबल घ्यायला गेलो होतो, तिथे हे ज्ञान मिळालं. माल होता तांब्याचा मुलामा दिलेल्या ॲल्युमिनियमचा, भाव जवळजवळ तांब्याचा. आणि सोबत आलेला माझ्याच बॅचचा इंजिनिअर मित्र चक्क मान डोलावत होता. मला दुकानदारापेक्षा त्याचाच राग आला. चार वर्षं सूत्र घोकलं, पण त्यात एकदाही आकडे टाकून बघितले नाहीत?

म्हणजे बघा, स्किन इफेक्ट खोटा नाही. बदलत्या करंटभोवती बदलतं चुंबकीय क्षेत्र तयार होतं. त्याचा विरोध तारेच्या मध्यभागी सगळ्यात जास्त, म्हणून करंट कडेला सरकतो. किती, ते फ्रिक्वेन्सीवर. तांब्यात १ गिगाहर्ट्झला हा थर जेमतेम २ मायक्रॉनचा, १ मेगाहर्ट्झला ६६ मायक्रॉनचा. आणि महावितरणच्या ५० हर्ट्झला? सव्वानऊ मिलिमीटर! ४ स्क्वेअर एमएमची सलग तारच मुळात सव्वादोन मिलिमीटर जाडीची. म्हणजे करंट अख्ख्या तारेतून जाणार, पोटातल्या ॲल्युमिनियमसकट.

आणि ॲल्युमिनियमचा रोध तांब्याच्या सुमारे १.६ पट. मुलामा दहा टक्के धरला तरी तारेचा एकूण रोध दीडपट होतो. बोअर खोल, केबल लांबलचक, उन्हाळ्यात व्होल्टेज आधीच पडलेलं. त्यात केबलनेही दीडपट व्होल्ट खाल्ले की मोटर जास्त करंट ओढते, तापते, वाइंडिंग जळतं. मग मोटर वर काढा, भरून आणा, परत सोडा. तोवर पिकाने काय करायचं? त्याला स्किन इफेक्ट कोण समजावणार?

खरा स्किन इफेक्ट बघायचाय तर नारायणगावजवळ खोडदला जा. जीएमआरटीच्या ३० डिश, प्रत्येकी ४५ मीटर व्यासाची, पण पत्रा नाहीच. अर्ध्या मिलिमीटरहून किंचित जाड स्टेनलेस तारांची नुसती जाळी. तिथे काम शेकडो मेगाहर्ट्झचं, त्यामुळे करंट खरोखरच तारेच्या कातडीत राहतो. टीव्हीच्या कोॲक्स केबलमध्ये तांबं चढवलेलं पोलाद चालतं तेही ह्याच कारणाने. तिथला नियम बोअरवर लावणं ही शुद्ध लबाडी आहे.

शहरातल्यांनी फार हसू नये. हाच माल लॅन केबल म्हणून आपल्या फ्लॅटमध्येही येतो. त्याच केबलमधून कॅमेऱ्याला वीज दिली की ती डीसी. तिथे तर स्किन इफेक्टचा प्रश्नच नाही, केबल मात्र तापते.

असो. दुकानातच तारेचं टोक कापून ब्लेडने खरवडा. आत पांढरं दिसलं की केबल परत ठेवा. नाहीच दिसलं, तरी बिलावर 'शुद्ध तांबं' असं लिहून मागा. आमच्या दुकानदाराला बिलबुक सापडेना.